स्वीडनमध्ये तंबू आणि सायकल : हेलसिंगबोर्ग ते गोथेनबर्ग, नेहमीच्या चुका टाळून

गोथेनबर्गला राहायला आल्यापासून दर जुलैमध्ये मला एक ठरावीक फोन येतो. पलीकडे पुण्याहून आलेला मित्राचा मित्र, नाहीतर कुणाचे तरी साडू. वेळ रात्रीचे साडेनऊ. "अहो, अजून लख्ख ऊन आहे, आम्ही मजेत चाललो होतो. पण इथलं कॅम्पिंगचं, म्हणजे तंबूंच्या मैदानाचं, ऑफिस बंद, दुकान बंद, मुलं भुकेली, आणि ही बोलत नाहीये माझ्याशी."

सायकल या सगळ्यांना उत्तम येते. फसतात ते उजेडाला. जूनअखेरीस गोथेनबर्गला सूर्य मावळतो सव्वादहाच्या सुमारास आणि पुन्हा उगवतो सव्वाचारला. आपल्याला लहानपणापासून दिवेलागणीला घरी यायची सवय. इथे दिवेलागण होतच नाही, मग थांबायचं कधी हे शरीराला कळत नाही. खालचे टप्पे त्या फोनवरच्या उत्तरांतूनच तयार झाले आहेत. ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने करा. चौथा आधी आणि पहिला नंतर केला की पैसे दोनदा जातात.

१. मार्ग आणि तारखा

पहिल्याच खेपेला नकाशावर बोट फिरवून स्वतःचा मार्ग काढू नका. कात्तेगात्तलेदेन घ्या. हेलसिंगबोर्ग ते गोथेनबर्ग, पश्चिम किनाऱ्याने सुमारे ३९० किलोमीटर. २०१५ साली खुला झालेला हा स्वीडनचा पहिला राष्ट्रीय सायकल-पर्यटन मार्ग. लाल पाट्या, त्यावर १ आकडा. बराचसा रस्ता स्वतंत्र सायकलमार्गाचा किंवा तुरळक रहदारीचा आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गव्हाची आणि बटाट्याची शेतं, मधेमधे खेडी.

मी हाच सुचवतो, कारण रेल्वे जवळच असते. ओरेसुंदस्तोग नावाची गाडी हेलसिंगबोर्ग, एंगेलहोल्म, बोस्ताद, लाहोल्म, हाल्मस्ताद, फाल्केनबेर्ग, वार्बेर्ग, कुंग्सबाका आणि गोथेनबर्ग अशी थांबत जाते. गुडघा दुखला, तीन दिवस सलग पाऊस लागला, मूल आजारी पडलं, तरी स्टेशन गाठता येतं. आतल्या जंगलभागात ही सोय नाही.

दिशा दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवा. या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. उलट निघालात तर तोच वारा दिवसभर तोंडावर. सपाट रस्त्यावर समोरचा वारा चढापेक्षा वाईट, कारण चढ संपतो.

अधिकृत टप्पे ८ आहेत, म्हणजे रोज पन्नासेक किलोमीटर. बिनओझ्याच्या सायकलीवर हे काहीच नाही. तंबू, भांडी आणि ओले कपडे लादल्यावर ते पुरेसं होतं. ९ दिवस चालण्याचे आणि १ दिवस कोरा ठेवा. पहिल्या दिवशी होगानेसपर्यंतच जा, पंचवीसेक किलोमीटर. त्या दिवशी काहीतरी सैल निघणारच, ते दुपारी चारला निघालेलं बरं.

तारखांबद्दल तीन गोष्टी. मिडसमर या उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाची पूर्वसंध्या दरवर्षी १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते. त्या दिवशी अर्धा देश गावाबाहेर असतो, दुकानं लवकर मिटतात, कॅम्पिंग भरलेलं असतं आणि रात्रभर गाणी चालतात. त्या शुक्रवारी-शनिवारी एकाच जागी राहा, रस्त्यावर असू नका. जुलै म्हणजे स्वीडिश लोकांची स्वतःची सुट्टी, हवा सगळ्यात उबदार, पण समुद्राकाठची कॅम्पिंग आधी राखून ठेवावी लागतात. ऑगस्टच्या मध्यानंतर शाळा सुरू होतात आणि एका आठवड्यात किनाऱ्यावरच्या टपऱ्या, आइस्क्रीमवाले, छोटे कॅफे गुंडाळले जातात. हवा छान असते, खायला मात्र काही मिळत नाही. माझी पसंती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याला.

तपासा : प्रत्येक मुक्कामासमोर जवळचं रेल्वेस्टेशन आणि तिथलं अंतर लिहिलं आहे का? एखाद्या दिवसासमोर ६० च्या वरचा आकडा असेल तर तो दिवस मोडून दोन करा.

२. कागद आणि पैसे

भारतातून येणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचे पुरावे द्यायचे असतात. "जंगलात तंबू ठोकणार" एवढ्यावर भागत नाही, म्हणून निम्म्याहून जास्त रात्री कॅम्पिंगच्या आरक्षणाने झाकलेल्या असू द्या. विमान कोपनहेगनला उतरत असलं तरी जास्त दिवस स्वीडनमध्ये आहेत, तेव्हा अर्जही स्वीडनचाच. प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. त्यात सायकल चालवताना झालेली इजा धरली आहे ना, ते बारीक अक्षरात वाचा.

रोख रक्कम इथे जवळजवळ मेली आहे. व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा, दोन वेगवेगळ्या खिशांत. शेताच्या फाटकाशी टेबलावर बटाटे आणि स्ट्रॉबेरीचे डबे मांडलेले दिसतील, माणूस नसेल, फक्त एक नंबर चिकटवलेला असेल. तो स्विशचा, म्हणजे इथल्या फोनवरून पैसे भरायच्या सोयीचा. स्विश चालायला स्वीडिश बँकखातं लागतं, आपलं यूपीआय तिथे उपयोगाचं नाही. इथे राहणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला फोटो पाठवून पैसे भरायला लावा. मी अशा कितीतरी स्ट्रॉबेऱ्यांचे पैसे घरबसल्या भरले आहेत.

३. सायकल : भाड्याची की घरची

भारतातून येत असाल तर भाड्याची घ्या. खोक्यात भरणं, विमानाचं जादा सामान, परतीसाठी तेच खोकं दहा दिवस कुठेतरी सांभाळणं, या सगळ्याला दहा दिवसांच्या सुट्टीत अर्थ नाही. विजेवरच्या सायकलीची बॅटरी तर प्रवासी विमानात नेताच येत नाही : मर्यादा १६० वॉट-अवर आहे आणि त्या बॅटऱ्या त्याच्या दुपटी-तिपटीच्या असतात. भाड्याची घेताना एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत करता येते का हे सगळ्यात आधी विचारा.

सायकल हातात आल्यावर दुकानाच्या आवारातच पुढची तपासणी करा, रस्त्यावर नको.

ब्रेक : भारतात उजवी मूठ दाबली की बहुतेक पुढचा ब्रेक लागतो. इथे उजवी म्हणजे मागचा, डावी म्हणजे पुढचा. उतारावर घाबरून सवयीची मूठ दाबलीत तर भलतंच चाक अडकतं. अनेक साध्या स्वीडिश सायकलींना मागचा ब्रेक मुठीला नसतोच, पेडल उलटं फिरवलं की लागतो. आपल्याकडे सिग्नलला थांबल्यावर चाळा म्हणून पेडल मागे फिरवायची सवय असते. इथे तो चाळा चालत्या सायकलीवर केलात तर जागच्या जागी उभे राहाल. पंधरा मिनिटं रिकाम्या पार्किंगमध्ये फिरवा, अंगवळणी पडेल.

व्हॉल्व्ह : ट्यूबचं तोंड आणि तुमचा पंप जुळतो का? एकदा तरी हवा भरून पाहा. जादा ट्यूब दोन, पंक्चरचा डबा, टायर काढायचे चमचे, चेनचं तेल.

कॅरियर : मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या, पाणी न शिरणाऱ्या बॅगा हव्यात. पाठीवर सॅक अजिबात नको. दुसऱ्या दिवशी मानेपासून कंबरेपर्यंत सगळं बोलायला लागतं.

घंटी, पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा. १५ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. मोठ्यांना नाही, तरी घाला.

सावधान : रहदारी उजवीकडून चालते. हे शहरात कुणी विसरत नाही, समोर गाड्या दिसतात. माणूस विसरतो ते जेवून-आळसावून निघताना, रिकाम्या खेड्यातल्या रस्त्यावर. प्रत्येक थांब्यानंतर निघताना जोडीदाराने मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, असा नियमच करा. आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं.

४. सामान

एका माणसामागे सगळं मिळून १५ किलोच्या आत. वजनकाट्यावर ठेवून बघा, अंदाजाने नको.

तंबू दोघांसाठी असेल तर तिघांचा घ्या, म्हणजे बॅगा आत मावतात. दुहेरी कापडाचा आणि खुंट्यांशिवायही उभा राहणारा हवा. किनाऱ्यावर वाळू लागते आणि उत्तरेकडे सरकाल तसा खडक, दोन्हीत साध्या खुंट्या धरत नाहीत. चार रुंद खुंट्या वाळूसाठी वेगळ्या घ्या. स्लीपिंग बॅग ५ अंशांपर्यंत आरामाची. जुलैत दुपारी २०–२२ अंश असलं तरी पहाटे १०–१२ पर्यंत उतरतं आणि मोकळ्या आभाळाखाली त्याहूनही कमी. बॅग चांगली घेऊन खालची चटई पातळ घेणारे बरेच. थंडी खालून येते, पैसे चटईवर घाला.

डोळ्यांवर बांधायची पट्टी. हसू नका, पहाटे चारला तंबू आतून कंदिलासारखा उजळतो.

पावसाचं जाकीट आणि पँट, पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक आतला थर. जीन्स एकही नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत.

खाण्याच्या सामानात एक मोठी चूक नेहमी होते : तूप, पेढे, बर्फी. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही कागदपत्रांशिवाय नाहीत. मेतकूट, गोडा मसाला, भाजके पोहे, थालीपिठाची भाजणी हे आणा. भाजणी तर या सहलीसाठीच जन्माला आली आहे : वजन कमी, पाणी घातलं की काम, आणि ओल्या संध्याकाळी तव्यावर तिचा वास सुटला की शेजारच्या तंबूतले जर्मन ओळख करून घ्यायला येतात.

५. घरच्या घरी रंगीत तालीम

निघण्याआधी दोन गोष्टी कराच. एक, सगळं सामान लादून ४० किलोमीटर. पुण्यातून पानशेतच्या दिशेला जा. बॅगेची कुठली कडी टाचेला लागते हे तेव्हाच कळतं. दोन, तंबू एकदा पावसात उभारा. जूनच्या पहिल्या सरीत गच्चीवर चालेल. आतलं कापड भिजू न देता बाहेरचं आधी कसं ताणायचं, ही युक्ती व्हिडिओ बघून येत नाही.

तपासा : तंबू दोघांनी मिळून दहा मिनिटांत उभा राहतो का? नसेल तर पुन्हा.

६. रोजचा दिवस उलटा आखा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि फोन करणाऱ्यांनी चुकवलेलाही हाच. आपण सकाळी विचारतो, "आज किती जायचं?" त्याऐवजी आदल्या रात्रीच ठरवा, "उद्या तंबू किती वाजता आणि कुठे?" आणि तिथून मागे मोजत या.

तंबू सायंकाळी ६ ला. म्हणजे कॅम्पिंगच्या ऑफिसात साडेपाचला. त्याआधी शेवटचं दुकान, पाचला. खेड्यांतली दुकानं शहरासारखी उशिरापर्यंत नसतात आणि दोन दुकानांमध्ये वीस-पंचवीस किलोमीटरही जातात, म्हणून दुकान कुठे आणि किती वाजता मिटतं हे नकाशावर आधी बघून ठेवा. दुकानापर्यंत दिवसाचं अंतर संपलेलं असायला हवं. लादलेल्या सायकलीने तासाला १२ किलोमीटर धरा, फोटो, लघवी आणि रुसवेफुगवे धरून. ४५ किलोमीटर म्हणजे पावणेचार तास चाक फिरणं, वर जेवणाचा दीड तास, एक पोहणं. सकाळी साडेनऊला निघालात तर हे सगळं आरामात बसतं. साडेअकराला निघालात तर नाही बसत.

सकाळी आवरायला दोन तास लागतात हे मान्य करा. चहा, दव पडलेला तंबू पुसणं, बॅगा भरणं. पहिल्या दिवशी अडीच लागतील.

मुख्य गरम जेवण दुपारी करा. आठवड्याच्या दिवसांत ११ ते २ च्या दरम्यान अनेक ठिकाणी "दागेन्स" नावाची थाळी मिळते : एक पदार्थ, सॅलड, पाव आणि कॉफी, सगळं एका किमतीत. तीच जागा संध्याकाळी दुप्पट महाग असते. मांस चालत नसेल तर "वेगेतारिस्क" एवढा शब्द पुरतो, बहुतेक ठिकाणी एक पर्याय असतो.

आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याने माझं सगळं ऐकलं, आणि बोस्तादला सायंकाळी पाचला पोचूनही पुढे निघाले, "अजून पाच तास उजेड आहे" म्हणून. बोस्तादच्या मागे हाल्लांडसोस नावाचा डोंगर आहे. घाट म्हणावा असा नाही, पण त्याआधीचा बियेरे द्वीपकल्पाचा भाग चढउतारांचा असल्याने पाय तिथवर येईतो संपलेले असतात. ते मेल्बीस्त्रांदला पोचले पावणेदहाला. तिथे बारा किलोमीटर लांब वाळूचा किनारा आहे, समोर सूर्य समुद्रात बुडतोय, आणि हे दोघं कॅम्पिंगच्या बंद फाटकाला सायकली टेकवून कोरडा पाव खातायत. फोटो सुरेख आला आहे. त्याला विचाराल तर तो अजून त्या सूर्यास्ताबद्दलच बोलतो, ती पावाबद्दल.

सावधान : गूगलचा नकाशा जवळचा रस्ता म्हणून मोठ्या हमरस्त्यावर नेऊ शकतो. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. मधोमध तारेचं कुंपण असलेल्या रस्त्यांवर बंदीची पाटी नसली तरी जाऊ नका, ट्रकला तुम्हाला ओलांडायला जागाच नसते. लाल पाटी बराच वेळ दिसली नाही तर मागे फिरून शेवटची पाटी गाठा.

७. तंबू कुठे ठोकायचा

"स्वीडनमध्ये कुठेही तंबू लावता येतो" हे वाक्य सगळे ऐकून येतात आणि त्यातलं "कुठेही" शब्दशः घेतात.

आल्लेमान्सरेत्तेन, म्हणजे सर्वांचा निसर्गात वावरण्याचा हक्क, १९९४ पासून इथल्या राज्यघटनेतही नमूद आहे. त्याचं सूत्र चार शब्दांचं : त्रास नको, नासधूस नको. व्यवहारात त्याचा अर्थ असा. दुसऱ्याच्या जमिनीवर एक, फार तर दोन रात्री छोटा तंबू. घरापासून इतकं दूर की त्यांना तुम्ही दिसू-ऐकू नये. पेरलेल्या शेतात नाही, गवताच्या कापणीच्या कुरणात नाही, गुरांच्या कुंपणात नाही. तीन-चार तंबूंचा गट असेल तर मालकाला विचारायलाच हवं.

आणि मुख्य अट : राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव निसर्गक्षेत्रं यांचे नियम वेगळे. कात्तेगात्तलेदेनवर हेच जास्त लागतं. किनाऱ्याचे सुंदर तुकडे, तुम्हाला जिथे थांबावंसं वाटेल नेमके तेच, बरेचदा राखीव असतात आणि तिथे तंबूला मनाई असते. हद्दीवर निळ्या चौकोनात पांढरी चांदणी दिसते, प्रवेशाशी नियमांचा फलक असतो. चांदणी दिसली की आधी फलक वाचा. स्वीडिश येत नसेल तर फोनवर भाषांतर करा. तंबूच्या चित्रावर काट असेल तर पुढे चला.

जागा शोधण्याचा माझा क्रम असा : आधी कॅम्पिंग. तिथे आंघोळ, कपडे धुणं, सामाईक स्वयंपाकघर मिळतं. चूल त्यांची, भांडी मात्र आपली आणि नंतर ओटा पुसून ठेवायचा, हे काटेकोर. रात्री अकराच्या आसपास शांततेची वेळ सुरू होते आणि ती खरंच पाळली जाते. काही ठिकाणी कॅम्पिंगचं सदस्यकार्ड मागतात, आरक्षण करतानाच विचारून घ्या. दुसरा पर्याय विंदश्युद्द : तीन बाजूंनी लाकडी भिंती आणि वर छप्पर असलेली उघडी खोपटी, वाटसरूंसाठी, फुकट. आरक्षण नसतं, आधी येईल त्याची. तिसरा पर्याय शेतकऱ्याला विचारणं. अंगणात जाऊन "हेय, फोर वी तेल्ता हेर?" म्हणजे "आम्ही इथे तंबू लावू का?" एवढं त्यांच्या भाषेत म्हटलंत की बहुतेक वेळा उत्तर इंग्रजीत आणि हसत येतं. नाही म्हणाले तर कारण विचारू नका, "तक" म्हणून निघा. मोकळ्या जंगलातला तंबू चौथा. दोन रात्री कॅम्पिंग, एक रात्र मोकळ्यावर, असा ताल कपड्यांना आणि संसाराला मानवतो.

शौचाचं : पाण्यापासून आणि वाटेपासून निदान सत्तर पावलं दूर, वीतभर खोल खड्डा, वरून माती. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, पिशवीत बरोबर न्यायचे.

तपासा : तंबू उचलल्यावर मागे वळून पाहा. दबलेल्या गवताखेरीज काही दिसत असेल तर उचला.

८. पाणी, चूल, जेवण

नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं. बाटलीबंद घेणं म्हणजे पैसे टाकणं. वाटेत नळ कुठे, तर चर्चच्या आवारात. खेड्यातल्या प्रत्येक चर्चभोवती दफनभूमी असते, थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतो, शेजारी हिरव्या झाऱ्या ओळीने टांगलेल्या. दुरून मनोरा दिसला की पाणी आलं समजा. फक्त नळावर "एय द्रिक्सवात्तेन" लिहिलेलं नाही ना ते पाहा, म्हणजे पिण्याचं नाही. आणि तिथे आवाज हळू, सायकल हातात धरून.

गॅसची डबी किंवा स्पिरिट विमानात अजिबात नाही. स्टोव्ह वापरलेला असेल तर धुऊन, वास जाईपर्यंत वाळवून. इंधन इथे उतरल्यावर घ्या. स्वीडिश लोकांचा आवडता स्टोव्ह ट्रांगिया, तो रोदस्प्रीत नावाच्या स्पिरिटवर चालतो आणि ते सुपरमार्केटात, पेट्रोल पंपावर सहज मिळतं. त्यात दहावा हिस्सा पाणी घातलं की भांड्याला काजळी कमी धरते.

सावधान : स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. विझली असं वाटून वरून स्पिरिट ओतणं हा या स्टोव्हचा नेहमीचा अपघात. झाकण ठेवून विझवा, थंड होऊ द्या, मग भरा. आणि पाऊस कितीही असो, तंबूच्या आत चूल पेटवू नका, आगीइतकाच धोका विषारी वायूचा.

शेकोटीचं वेगळं. कोरड्या उन्हाळ्यात आग पेटवायला बंदी लागू होते, स्वीडिशमध्ये "एल्दनिंग्सफोरबूद". २०१८ च्या उन्हाळ्यात इथली जंगलं इतकी पेटली की इटली आणि फ्रान्सची पाणी टाकणारी विमानं आली होती, तेव्हापासून लोक याबाबत फार हळवे आहेत. रोज सकाळी त्या भागाच्या कम्यूनचं, म्हणजे नगरपालिकेचं, संकेतस्थळ पाहा. स्टोव्हला सहसा मुभा असते, पण बंदी कडक केली असेल तर तीही नसते. बंदी नसतानाही उघड्या खडकावर शेकोटी नको, खडक तडकतो आणि तो डाग कायमचा.

दुकानात दुधाच्या फडताळापाशी सावकाश. "म्योल्क" म्हणजे दूध. "फीलम्योल्क" म्हणजे आंबट, दाटसर, दह्या-ताकाच्या मधलं काहीतरी, खोकी जवळजवळ सारखीच. चहात पडलं की चहा गेला. पण त्यात मीठ, जिरेपूड आणि पाणी घालून घुसळलंत तर मठ्ठा होतो, आणि बियेरेच्या कोवळ्या बटाट्यांच्या सुक्या भाजीबरोबर, खाली गवत, समोर समुद्र, तो मठ्ठा मी कुठल्याही हॉटेलच्या टेबलावर बसण्यापेक्षा पसंत करीन.

९. अंग आणि गोचीड

साप एकच विषारी, हुग्गोर्म. पायाला चाहूल लागली की तोच पळतो. काळजी करायची ती गोचिडीची. दक्षिण आणि मध्य स्वीडनमध्ये गवतात, झुडपांत ती असते आणि तिच्यातून दोन आजार येतात : बोरेलिया (लाइम आजार), ज्यावर प्रतिजैविकं आहेत, आणि टीबीई (एक प्रकारचा मेंदूज्वर), ज्यावर लस आहे पण उपचार नाही. लसीबद्दल निघण्याच्या काही महिने आधी डॉक्टरांशी बोला, डोस अंतराने घ्यायचे असतात.

रोज रात्री झोपण्याआधी एकमेकांची तपासणी : गुडघ्याची मागची बाजू, जांघ, काखा, मुलांच्या कानामागे आणि केसांत. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, मेणबत्ती, यातलं काही नको. तारीख लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं, किंवा ताप आणि जबर डोकेदुखी झाली, तर डॉक्टरांना ती तारीख सांगा, भारतात परतला असाल तरीही. इथे असताना सल्ल्यासाठी ११७७, तातडीच्या मदतीला ११२.

१०. गाडी आणि परत

ओरेसुंदस्तोगमध्ये सायकलीचं वेगळं तिकीट काढावं लागतं, जागा मोजक्या असतात, राखून मिळत नाहीत. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी आणि ऑफिसच्या वेळी कंडक्टर नाही म्हणू शकतो. दुपारची गाडी धरा, आणि चौघं असाल तर दोन-दोन करून निरनिराळ्या गाड्यांनी जायची तयारी ठेवा. फलाटावर येण्याआधी बॅगा उतरवून घ्या. गाडीचा दरवाजा उघडा असतो तेवढ्यात तीस किलोची सायकल वर चढत नाही. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत सुटी न केलेली, अख्खी सायकल सहसा घेत नाहीत, प्रत्येक कंपनीचा नियम तिकिटाआधी वाचा. कोपनहेगनकडून स्वतःची सायकल घेऊन येत असाल तर डेन्मार्कच्या हेलसिंगोरहून फेरीने वीस मिनिटांत हेलसिंगबोर्गला उतरता येतं, तिथलं मुख्य रेल्वेस्टेशन धक्क्यालाच लागून आहे.

गोथेनबर्गच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी शहराचं नाव "योतेबोर्य" असं काहीसं आहे, स्टेशनवर घोषणा ऐकताना तेच शोधा.

सायकल परत करण्याआधी दुकानदाराच्या समोर फोटो काढा, ओरखडे दोन्ही बाजूंनी. आणि तंबू विमानाच्या सामानात ओला भरू नका. शेवटची रात्र छताखाली घ्या, तंबू खोलीत दोरीवर पसरा. तसा ओलाच बांधून मुंबईच्या जुलैत उघडलात तर आतून काळ्या ठिपक्यांनी भरलेला निघतो, आणि तो वास पुढच्या सहलीलाही तुमच्याबरोबर येतो.